पोस्टग्रेस अडकल्यावर काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने

‘डेटाबेस हळू झाला आहे’ ही तक्रार डीबीएकडे (डेटाबेस सांभाळणाऱ्याकडे) येते, तेव्हा तिच्यामागे निदान चार वेगवेगळी दुखणी असू शकतात. कोणीतरी कोणाची तरी वाट पाहत थांबलेले असते, एखादी क्वेरी गरजेपेक्षा कितीतरी जास्त काम करत असते, सर्व्हरची मेमरी किंवा डिस्क संपत आलेली असते, किंवा मुळात कनेक्शनच मिळत नसते. वापरणाऱ्याला दिसणारे लक्षण चारही वेळा सारखेच असते. उपाय मात्र इतके वेगळे आहेत की एका दुखण्याचे औषध दुसऱ्याला दिले तर ते बळावते. म्हणूनच या लेखात उपायांपेक्षा तपासाच्या क्रमावर जास्त भर दिला आहे. उदाहरणासाठी लिनक्सवर चालणारा पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस (पुढे नुसते पोस्टग्रेस) घेतला आहे आणि त्याची आवृत्ती १४ किंवा त्यापुढची आहे असे गृहीत धरले आहे. आज्ञा, तक्ते आणि सेटिंग यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची आहेत.

आधी एक पथ्य सांगतो. घाईघाईने सर्व्हर रिस्टार्ट करू नये. रिस्टार्टनंतर काही काळ सगळे सुरळीत दिसते, कारण अडकलेली कनेक्शन तुटतात आणि त्यांनी डेटावर धरलेली लॉक, म्हणजे कुलपे, सुटतात. पण कोण कोणासाठी थांबले होते हा पुरावाही त्याच क्षणी नाहीसा होतो. शिवाय मेमरीत साठलेली पाने रिकामी झाल्याने पुढचा काही वेळ प्रत्येक क्वेरी डिस्कवर जाते आणि गर्दीच्या वेळी हा भार नव्या तक्रारींना जन्म देतो. रिस्टार्ट करण्याची वेळ आलीच, तर निदान त्याआधी पुढील पायरीतल्या तक्त्याची प्रत फाइलमध्ये उतरवून घ्यावी.

पहिली पायरी: आत्ता कोण काय करत आहे

सर्वप्रथम डिस्कवर जागा शिल्लक आहे की नाही हे पाहावे, कारण ती संपली असेल तर पुढचा तपास निरर्थक ठरतो. त्यानंतर ‘पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी’ उघडावे. या तक्त्यात प्रत्येक कनेक्शनसाठी एक ओळ असते. त्यातील पाच कॉलम आपल्या कामाचे आहेत: ‘स्टेट’, ‘वेट_इव्हेंट_टाइप’, ‘वेट_इव्हेंट’, ‘एक्सॅक्ट_स्टार्ट’ आणि ‘क्वेरी’. ओळी ‘एक्सॅक्ट_स्टार्ट’प्रमाणे लावाव्यात, म्हणजे सर्वांत जुने ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या कामांचा गट) वर येईल. ‘क्वेरी_स्टार्ट’प्रमाणे लावण्याचा मोह होतो, पण तो टाळावा, दुखण्याचे मूळ बहुधा आत्ता धावणाऱ्या क्वेरीत नसते, ते खूप आधी उघडून तसेच सोडून दिलेल्या ट्रान्झॅक्शनमध्ये असते.

‘स्टेट’ हा ‘ॲक्टिव्ह’ असेल आणि ‘वेट_इव्हेंट_टाइप’ रिकामा असेल, तर ती क्वेरी प्रोसेसरवर काम करत आहे. तेथे ‘आयओ’ दिसत असेल तर ती डिस्कची वाट पाहत आहे. ‘लॉक’ दिसत असेल तर ती दुसऱ्या एखाद्या सेशनसाठी थांबली आहे. ‘क्लायंट’ दिसत असेल तर पोस्टग्रेस स्वतः रिकामा बसला असून पलीकडच्या ॲप्लिकेशनकडून काही येण्याची वाट पाहत आहे. मग ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अशी अवस्था असलेली सेशन किती आहेत ते मोजावे. एखाद्या सेकंदापुरती ही अवस्था सर्वत्र दिसते. पंधरा मिनिटांपासून कोणी त्याच अवस्थेत असेल, तर मात्र तपासाची दिशा जवळपास ठरली असे समजावे.

दुसरी पायरी: रांगेच्या तोंडाशी कोण आहे

लॉकसाठी थांबलेली सेशन दिसली की प्रत्येकाला नेमके कोणी अडवले आहे हे ‘पीजी_ब्लॉकिंग_पीआयडीज’ या फंक्शनने कळते. ते आवृत्ती ९.६ पासून उपलब्ध आहे. थांबलेल्या सेशनचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) त्याला दिला की अडवणाऱ्यांचे क्रमांक मिळतात. ते अडवणारे स्वतःही कोणासाठी थांबलेले असू शकतात, म्हणून साखळीच्या टोकापर्यंत जावे. ज्याला कोणीही अडवलेले नाही, पण ज्याच्यामुळे बाकीचे अडले आहेत, तोच आपल्याला हवा आहे. मधल्या कोणाला संपवून सहसा फारसे काही साधत नाही (एक अपवाद खाली येतो).

या रांगेचा एक स्वभाव अनेक अनुभवी प्रोग्रॅमरनाही ठाऊक नसतो. समजा, एखाद्या अहवालाच्या स्क्रीनने ‘खाते’ या टेबलमधून काही ओळी वाचल्या आणि ट्रान्झॅक्शन बंद न करता ती तशीच राहिली. नुसत्या वाचनानेही टेबलवर एक सौम्य लॉक बसते आणि ते ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत सुटत नाही. त्याने कोणाचेच वाचन किंवा लेखन अडत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. आता कोणीतरी त्याच टेबलला नवा कॉलम जोडण्यासाठी ‘ऑल्टर टेबल’ चालवतो. त्याला सर्वांत कडक असे ‘ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह’ लॉक हवे असते. पहिल्या सौम्य लॉकमुळे ते मिळत नाही आणि तो रांगेत उभा राहतो. त्यानंतर येणारी प्रत्येक साधी ‘सिलेक्ट’ क्वेरी या कडक मागणीच्या मागे उभी राहते, कारण पोस्टग्रेस साधारणपणे रांग मोडून कोणाला पुढे जाऊ देत नाही. एका मिनिटात सगळी कनेक्शन भरतात आणि पूर्ण ॲप्लिकेशन बंद पडते. जो ‘ऑल्टर’ एरवी काही मिलिसेकंदांत उरकला असता त्याच्यावर दोष येतो, आणि खरे कारण असलेली अहवालाची स्क्रीन शांतपणे उघडीच राहते.

यावर तातडीचा उपाय म्हणजे तो ‘ऑल्टर’ थांबवणे. त्यासाठी ‘पीजी_कॅन्सल_बॅकएंड’ वापरावे, ते फक्त चालू क्वेरी रद्द करते. जुने उघडे ट्रान्झॅक्शन मात्र याने जात नाही, कारण रद्द करण्यासारखी चालू क्वेरीच तेथे नसते; त्यासाठी ‘पीजी_टर्मिनेट_बॅकएंड’ लागते, आणि ते पूर्ण कनेक्शन तोडते. लिनक्सच्या ‘किल’ आज्ञेचा नऊ क्रमांकाचा सिग्नल पोस्टग्रेसच्या कोणत्याही प्रोसेसला कधीही पाठवू नये. एक बॅकएंड, म्हणजे एका कनेक्शनची प्रोसेस, अशा रीतीने मेला, तर सामायिक मेमरी बिघडली असावी असे गृहीत धरून मुख्य प्रोसेस सर्वांचीच कनेक्शन तोडते आणि क्रॅश रिकव्हरी सुरू करते.

पुढच्या वेळी हे घडू नये म्हणून टेबलची रचना बदलणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘लॉक_टाइमआउट’ दोन-तीन सेकंदांवर आणावे. त्या वेळात लॉक मिळाले नाही तर आज्ञा त्रुटीचा संदेश देऊन बाजूला होते, मागची रांग मोकळी होते आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करता येतो. मुळात या सेटिंगची किंमत शून्य, म्हणजे अमर्याद वाट पाहणे, अशी असते. इंडेक्स तयार करताना ‘कॉन्करंटली’ हा शब्द जोडावा, म्हणजे टेबलमधील लेखन थांबत नाही. मात्र अशी आज्ञा ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही आणि ती मध्येच फसली तर अवैध इंडेक्स मागे उरतो. तो क्वेरीला काहीही मदत करत नाही, पण प्रत्येक लेखनाचा भार वाढवतो, म्हणून तो आठवणीने काढून टाकावा.

डेडलॉकबद्दल, म्हणजे दोन ट्रान्झॅक्शन एकमेकांच्या लॉकसाठी अडून बसतात त्याबद्दल, जास्त लिहिण्याची गरज नाही. पोस्टग्रेस तो स्वतः शोधतो आणि दोघांपैकी एकाला रद्द करतो. हा शोध एक सेकंद वाट पाहिल्यानंतर सुरू होतो. वारंवार डेडलॉक होत असतील तर ॲप्लिकेशनमधील दोन वाटा त्याच ओळी उलटसुलट क्रमाने बदलत असतात. सर्व ठिकाणी ओळी प्राथमिक कीच्या चढत्या क्रमानेच घ्याव्यात, एवढा नियम पाळला तरी बहुतेक डेडलॉक थांबतात.

तिसरी पायरी: मृत ओळी का साठतात

पोस्टग्रेसमध्ये एखादी ओळ बदलली की जुनी ओळ लगेच पुसली जात नाही. नवी प्रत लिहिली जाते आणि जुनी प्रत, ती पाहण्याचा हक्क असलेले ट्रान्झॅक्शन शिल्लक असेपर्यंत, जागेवर राहते. ही मृत प्रत साफ करणे हे व्हॅक्यूमचे काम आहे आणि ऑटोव्हॅक्यूम ते पार्श्वभूमीवर करत असतो. गर्दीच्या वेळी डिस्कवर भार दिसला की ऑटोव्हॅक्यूमच बंद करण्याचा सल्ला काही कार्यालयांत आजही दिला जातो. तो ऐकू नये. आजचा भार आपण उद्यावर ढकलतो आणि उद्या तो कितीतरी मोठा होऊन समोर येतो.

खरी अडचण बहुधा उलटी असते: ऑटोव्हॅक्यूम हवा तितक्या वेळा चालतच नाही. मूळ सेटिंगनुसार मृत ओळींची संख्या टेबलच्या २० टक्के अधिक ५० इतकी झाल्यावर तो टेबल साफ करायला घेतो. दहा हजार ओळींच्या टेबलला हे ठीक आहे. दहा कोटी ओळींच्या टेबलमध्ये मात्र दोन कोटी मृत ओळी साठेपर्यंत काहीच होत नाही. म्हणून मोठ्या आणि सतत बदलणाऱ्या टेबलांसाठी ‘ऑटोव्हॅक्यूम_व्हॅक्यूम_स्केल_फॅक्टर’ त्या टेबलपुरता एक-दोन टक्क्यांवर आणावा. तो पूर्ण डेटाबेससाठी बदलण्याची गरज सहसा पडत नाही. ‘पीजी_स्टॅट_यूझर_टेबल्स’मध्ये मृत ओळींचा अंदाज आणि शेवटच्या ऑटोव्हॅक्यूमची वेळ दिसते, ती यादी आठवड्यातून एकदा तरी डोळ्यांखालून घालावी.

कधी कधी व्हॅक्यूम नियमित चालतो आणि तरीही मृत ओळी कमी होत नाहीत. अशा वेळी ‘व्हॅक्यूम व्हर्बोस’ चालवून पाहिले तर ओळी मृत आहेत पण अजून काढता येत नाहीत, असे उत्तर मिळते. कोणीतरी जुने दृश्य धरून बसले आहे, असा याचा अर्थ होतो. ते धरून ठेवणारे चार ठिकाणी शोधावेत: लांबलेले ट्रान्झॅक्शन, वापरात नसलेला रेप्लिकेशन स्लॉट (रेप्लिकाने कुठपर्यंतचे बदल घेतले याची नोंद), अर्धवट सोडलेले प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन, आणि ‘हॉट_स्टँडबाय_फीडबॅक’ सुरू असलेल्या रेप्लिकावर (डेटाबेसच्या सतत अद्ययावत होणाऱ्या प्रतीवर) तासन्‌तास चालणारा अहवाल. येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. ‘रीड कमिटेड’ पातळीवर नुसते वाचन करून रिकामे बसलेले ट्रान्झॅक्शन सहसा व्हॅक्यूमला अडवत नाही, ते फक्त लॉक धरून ठेवते. एक जरी ओळ लिहून बसलेले किंवा ‘रिपीटेबल रीड’ पातळीवर उघडलेले ट्रान्झॅक्शन मात्र पूर्ण डेटाबेसची सफाई रोखू शकते. दोन्ही प्रकारांवर ‘आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट’ हा एकच बंदोबस्त लागू पडतो. त्याची मूळ किंमत शून्य, म्हणजे बंद, असते. पाच मिनिटे ही सुरुवातीला सोसवणारी मर्यादा आहे. ती लावल्यावर ज्या स्क्रीनची कनेक्शन तुटू लागतील त्या दुरुस्त कराव्यात आणि मग मर्यादा आणखी खाली आणावी.

व्हॅक्यूमने मोकळी झालेली जागा टेबलमध्येच पुन्हा वापरली जाते. ती ऑपरेटिंग सिस्टिमला परत मिळते ती फक्त टेबलच्या शेवटची पाने पूर्ण रिकामी असतील तेव्हाच. फुगलेले टेबल लहान करण्यासाठी ‘व्हॅक्यूम फुल’ आहे, पण तो टेबल पूर्णपणे बंद ठेवतो आणि नवी प्रत लिहिण्यासाठी तेवढीच जास्तीची जागा मागतो. डिस्क भरत आली म्हणून ‘व्हॅक्यूम फुल’ चालवणारे येथेच फसतात. चालू डेटाबेसवर हे काम करायचे असेल तर ‘पीजी_रिपॅक’ हे एक्स्टेन्शन जास्त सोयीचे आहे, मात्र जास्तीची जागा त्यालाही लागतेच.

व्हॅक्यूमकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले तर होणारा परिणाम नुसत्या मंदगतीवर थांबत नाही. ट्रान्झॅक्शनचे क्रमांक ३२ बिटांचे असल्याने कोणत्याही क्षणी सुमारे दोन अब्ज क्रमांकच ‘भूतकाळ’ म्हणून ओळखता येतात. जुन्या ओळी वेळेवर ‘फ्रीझ’ झाल्या (कायमच्या जुन्या म्हणून नोंदल्या गेल्या) नाहीत तर हे चक्र पूर्ण होऊन जुना डेटा भविष्यातला वाटू लागेल. ते टाळण्यासाठी २० कोटी ट्रान्झॅक्शनांचे वय झाले की ऑटोव्हॅक्यूम बंद असला तरी सक्तीने चालतो. चार कोटी क्रमांक उरले की सर्व्हर इशारे देऊ लागतो आणि तीस लाख उरले की नवे लेखन थांबवतो. २०१५ मध्ये सेंट्री ही सेवा आणि २०१९ च्या फेब्रुवारीत मेलचिंपची मँड्रिल ही ईमेल सेवा याच कारणाने अडकली होती. दोन्ही ठिकाणी जाणकार माणसे होती, म्हणजे हे संकट नवख्यांपुरते आहे असे कोणी समजू नये. ‘पीजी_डेटाबेस’मधील ‘डॅटफ्रोझनएक्सआयडी’चे वय रोज मोजावे आणि ते ५० कोटींच्या पुढे गेले तर कोणाला तरी फोन वाजेल अशी व्यवस्था करावी. एकेकाळी यातून बाहेर पडण्यासाठी सर्व्हर एकल-वापरकर्ता अवस्थेत सुरू करण्याचा सल्ला दिला जाई. आजच्या आवृत्त्यांत साधारणपणे त्याची गरज नाही. जुने दृश्य धरून बसलेल्याला आधी दूर करावे आणि नंतर नेहमीच्या अवस्थेतच व्हॅक्यूम चालवावा.

चौथी पायरी: क्वेरी खरोखर हळू असेल तर

कोणीही कोणाला अडवत नाही, तरीही काम संथ आहे, अशी खात्री झाल्यावरच क्वेरीकडे वळावे. नेमकी कोणती क्वेरी पाहायची हे ‘पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स’ सांगते. ते ‘शेअर्ड_प्रीलोड_लायब्ररीज’मध्ये नोंदवावे लागते आणि त्यासाठी सर्व्हर एकदा बंद करून सुरू करावा लागतो, म्हणून हे काम संकट येण्याआधीच उरकलेले बरे. क्वेरींची क्रमवारी सरासरी वेळेवर न लावता ‘टोटल_एक्झेक_टाइम’ या एकूण वेळेवर लावावी. रात्री एकदा धावणारी चाळीस सेकंदांची क्वेरी डोळ्यांत भरते, पण दिवसातून वीस लाख वेळा धावणारी पाच मिलिसेकंदांची क्वेरी सर्व्हरचा कितीतरी जास्त वेळ खाते.

निवडलेल्या क्वेरीवर ‘एक्स्प्लेन’ हा ‘ॲनलाइझ’ आणि ‘बफर्स’ या पर्यायांसह चालवावा. ‘ॲनलाइझ’ क्वेरी प्रत्यक्ष चालवतो. त्यामुळे ‘अपडेट’ किंवा ‘डिलीट’ तपासायचे असेल तर आधी ‘बिगिन’ आणि नंतर ‘रोलबॅक’ लिहिणे अनिवार्य आहे. उत्तर वाचताना नजर ‘कॉस्ट’वर न खिळवता प्रत्येक पायरीवरील अंदाजित ओळी आणि प्रत्यक्ष ओळी यांची तुलना करावी. प्रत्यक्ष ओळींचा आकडा एका फेरीचा सरासरी असतो, म्हणून त्याला ‘लूप्स’ने गुणल्याशिवाय तो खरा समजू नये. जेथे अंदाज आणि वास्तव यांत पहिल्यांदा मोठी तफावत दिसते, तेथेच दुरुस्ती करायची असते. त्याच्या वरच्या पायऱ्या बहुधा याच चुकीमुळे बिघडलेल्या असतात.

एक नमुना पाहू. अर्जदारांच्या एक कोटी ओळींच्या टेबलमध्ये जिल्हा आणि तालुका असे दोन कॉलम आहेत आणि आपल्याला सातारा जिल्ह्यातील कराड तालुक्याचे अर्जदार हवे आहेत. प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची हे ठरवणारा भाग) दोन्ही अटी परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे मानतो. सोयीसाठी ३६ जिल्हे, ३५८ तालुके आणि सर्वत्र सारखी लोकसंख्या धरली, तर तो एक कोटीला आधी ३५८ ने आणि मग ३६ ने भागतो आणि सुमारे ७७६ ओळी मिळतील असे ठरवतो. पण कराड म्हटल्यावर सातारा ओघाने आलाच. म्हणून प्रत्यक्षात सुमारे २८ हजार ओळी येतात. ७७६ ओळींसाठी शहाणपणाचा असलेला ‘नेस्टेड लूप’ (एकेका ओळीसाठी दुसऱ्या टेबलमध्ये पुन्हा शोधणे) २८ हजारांसाठी जीवघेणा ठरतो. उपाय म्हणजे आवृत्ती १० पासून मिळणारी ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ ही आज्ञा: दोन्ही कॉलमांची एकत्रित आकडेवारी मागावी आणि मग ‘ॲनलाइझ’ चालवावे. आपल्याकडे कर्जत रायगडातही आहे आणि अहिल्यानगरातही, खेड पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही. त्यामुळे नुसत्या ‘डिपेंडन्सीज’ प्रकारापेक्षा नेहमी आढळणाऱ्या जोड्या साठवणारा ‘एमसीव्ही’ प्रकार येथे जास्त अचूक ठरतो. तो आवृत्ती १२ पासून उपलब्ध आहे.

बाकीची नेहमीची कारणे थोडक्यात सांगता येतील. अटीमध्ये कॉलमवर फंक्शन लावले, उदाहरणार्थ वेळेच्या कॉलमचे तारखेत रूपांतर करून तुलना केली, तर साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही. त्याऐवजी ‘या तारखेपासून त्या तारखेच्या आत’ अशी अट लिहावी. सॉर्टच्या पायरीवर ‘एक्स्टर्नल मर्ज’ आणि ‘डिस्क’ असे शब्द दिसले तर ‘वर्क_मेम’, म्हणजे सॉर्टसारख्या कामांना मिळणारी मेमरी, अपुरे पडले आहे. जिच्याकडे दुसऱ्या टेबलमधील ओळी बोट दाखवतात अशी मूळ ओळ पुसायला मिनिटे लागत असतील तर फॉरेन कीच्या दुसऱ्या बाजूला इंडेक्स आहे का ते पाहावे, कारण तो पोस्टग्रेस आपणहून तयार करत नाही. इंडेक्स मात्र मागेल तितके द्यायचे नसतात. ‘पीजी_स्टॅट_यूझर_इंडेक्सेस’मध्ये ज्यांचा वापर शून्य दिसतो असे इंडेक्स प्रत्येक लेखनाची किंमत वाढवत असतात, पण काढण्याआधी रेप्लिकावरील वापरही तपासावा, कारण त्याची मोजणी वेगळी होते.

पाचवी पायरी: कनेक्शन आणि मेमरी

‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ हा संदेश दिसला की बहुतेक जण ‘मॅक्स_कनेक्शन्स’ शंभरावरून हजारावर नेतात. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस चालवतो आणि सोळा कोअरच्या सर्व्हरवर हजार प्रोसेस एकाच वेळी कामाला लागल्या तर सगळ्यांचेच काम रखडते. आधी ती शंभर कनेक्शन खरोखर काम करत आहेत का हे पहिल्या पायरीप्रमाणे पाहावे. बरीचशी लॉकच्या रांगेत किंवा उघड्या ट्रान्झॅक्शनमध्ये अडकलेली आढळतील आणि मग दुखणे वेगळेच आहे हे कळेल. तसे नसेल तर मध्ये पीजीबाउन्सर हा कनेक्शन वाटून देणारा प्रोग्रॅम बसवावा. त्याच्या ‘ट्रान्झॅक्शन’ पद्धतीत शेकडो क्लायंट वीस-तीस खऱ्या कनेक्शनवर चालतात. या पद्धतीत सेशनपुरते ‘सेट’, ‘लिसन’ आणि सेशन-पातळीची ॲडव्हायझरी लॉक भरवशाची राहत नाहीत. प्रोटोकॉल-पातळीवरील प्रिपेअर्ड स्टेटमेंटसाठी पीजीबाउन्सरची आवृत्ती १.२१ किंवा पुढची लागते.

मेमरीचा हिशेब कागदावर मांडावा. ‘शेअर्ड_बफर्स’ (डेटाची पाने साठवणारी सामायिक मेमरी) एकूण मेमरीच्या चौथ्या हिश्श्याइतके ठेवून सुरुवात करणे बहुतेक ठिकाणी योग्य ठरते. ‘वर्क_मेम’ची मूळ किंमत चार एमबी आहे आणि ती कनेक्शनमागे एकदा नव्हे, तर क्वेरीतील प्रत्येक सॉर्ट आणि हॅशमागे लागू होते. ती ६४ एमबी केली, दोनशे कनेक्शन एकाच वेळी सक्रिय झाली आणि प्रत्येक क्वेरीत असे तीन टप्पे असले, तर मागणी ३८,४०० एमबींवर जाते. सर्व्हरला ३२ जीबी मेमरी असेल तर लिनक्स एखादी प्रोसेस मारून टाकेल आणि दुसऱ्या पायरीत सांगितल्याप्रमाणे सर्वांचीच कनेक्शन तुटतील. म्हणून ही किंमत सर्वांसाठी लहान ठेवावी आणि रात्रीच्या अहवालाच्या वापरकर्त्यापुरतीच ‘ऑल्टर रोल’ने वाढवून द्यावी.

सहावी पायरी: वॉलची डिरेक्टरी फुगली तर

वॉल (राइट-अहेड लॉग) म्हणजे प्रत्येक बदलाची आधी होणारी नोंद. ती ठेवणाऱ्या ‘पीजी_वॉल’ डिरेक्टरीत १६ एमबींच्या फाइल साठत जाऊन डिस्क भरते, तेव्हा त्या हाताने पुसणे हा सर्वांत महागडा उपाय असतो. आवृत्ती १० पूर्वी या डिरेक्टरीचे नाव ‘पीजी_एक्सलॉग’ असे होते आणि ‘लॉग’ हा शब्द वाचून लोक ती निर्धास्तपणे रिकामी करत. नाव बदलण्यामागे हेही एक कारण होते. या फाइलींशिवाय क्रॅशनंतर डेटाबेस सुसंगत स्थितीत येऊ शकत नाही.

फाइल साठण्याची दोन मुख्य कारणे आहेत. ‘आर्काइव्ह_कमांड’ अपयशी होत असेल तर ते ‘पीजी_स्टॅट_आर्काइव्हर’मध्ये दिसते, मूळ अडथळा, म्हणजे बहुधा भरलेली बॅकअपची डिस्क किंवा मुदत संपलेला परवाना, दूर केला की फाइल आपोआप कमी होतात. दुसरे कारण बंद पडलेल्या रेप्लिकाचा स्लॉट हे असते. तो रेप्लिका परत येणार नसेल तर स्लॉट काढून टाकावा, आणि पुढील काळासाठी ‘मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ’ला मर्यादा द्यावी, ती न दिल्यास एक विसरलेला स्लॉट मुख्य सर्व्हर बंद पाडू शकतो. डिस्कवर दोन-तीन जीबींची एक निरुपयोगी फाइल आधीच तयार करून ठेवावी, असेही मी सुचवेन. जागा शून्यावर आली की ती पुसून श्वास घ्यायला अवधी मिळतो.

सातवी पायरी: बॅकअप परत उभा करून पाहणे

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेच्या एका अभियंत्याने रेप्लिकेशन दुरुस्त करताना दुय्यम सर्व्हरवरील डिरेक्टरी पुसण्याऐवजी मुख्य सर्व्हरवरील पुसली. सुमारे ३०० जीबींपैकी साडेचार जीबी उरले असताना ते लक्षात आले. त्यानंतर जे उघड झाले ते जास्त बोलके आहे. रोजचा ‘पीजी_डंप’ कित्येक दिवस फसत होता, कारण तो ९.२ आवृत्तीचा होता आणि डेटाबेस ९.६ चा, आणि फसल्याच्या सूचनांचे ईमेल पलीकडचा सर्व्हर नाकारत असल्याने कोणापर्यंत पोहोचतच नव्हते. सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी घेतलेल्या डिस्कच्या स्नॅपशॉटवरून सेवा परत उभी राहिली.

रेप्लिका हा बॅकअप नसतो, कारण चुकीचा ‘डिलीट’ त्याच्यापर्यंत क्षणात पोहोचतो. ‘पीजी_डंप’ लहान डेटाबेससाठी आणि एखादे टेबल वेगळे काढण्यासाठी चांगला आहे. तो वापरकर्त्यांची आणि हक्कांची जागतिक माहिती घेत नाही, ती ‘पीजी_डंपऑल’च्या ‘ग्लोबल्स-ओन्ली’ पर्यायाने वेगळी घ्यावी लागते. महत्त्वाच्या डेटाबेससाठी बेस बॅकअप आणि वॉलचे सततचे संग्रहण यांना पर्याय नाही. ‘पीजीबॅकरेस्ट’ किंवा ‘बारमन’ हे काम नीट करतात. दुपारी २ वाजून १० मिनिटांनी कोणी टेबल पुसले, तर ‘रिकव्हरी_टार्गेट_टाइम’ २ वाजून ९ मिनिटांवर ठेवून वेगळ्या सर्व्हरवर डेटाबेस उभा करता येतो आणि तेवढे टेबल परत आणता येते. महिन्यातून एकदा हे सर्व कोऱ्या सर्व्हरवर करून पाहावे, लागलेला वेळ नोंदवावा आणि शेवटच्या दिवसाच्या काही ओळी मूळ डेटाशी ताडून पाहाव्यात. ‘बॅकअप यशस्वी’ हा संदेश यातील काहीही सिद्ध करत नाही.

आठवी पायरी: देवनागरी मजकूर आणि ऑपरेटिंग सिस्टिम बदलताना

मराठी नावे, गावे आणि पत्ते साठवणाऱ्यांनी हा भाग जपून वाचावा. मजकुरावरील इंडेक्स अक्षरांच्या क्रमानुसार रचलेला असतो आणि हा क्रम बहुधा लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीकडून येतो. २०१८ मध्ये आलेल्या तिच्या २.२८ आवृत्तीत हा क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. डेटाची डिरेक्टरी जुन्या सर्व्हरवरून उचलून डेबियन १० किंवा रेड हॅट ८ वर ठेवली, तर इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला आणि शोध नव्या क्रमाने, अशी विसंगती होते. ओळ टेबलमध्ये असूनही सापडत नाही, आणि युनिक इंडेक्स असूनही दुबार नोंद शिरते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यानंतर मजकुराच्या कॉलमवरील सर्व इंडेक्स ‘रीइंडेक्स’ करावेत. आवृत्ती १२ पासून त्यालाही ‘कॉन्करंटली’ जोडता येते. वेगळ्या लिनक्स आवृत्तीवर चालणाऱ्या रेप्लिकालाही हाच धोका असतो. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती ‘पीजी_अपग्रेड’ने बदलली असेल तर ‘ॲनलाइझ’ही चालवावे, कारण १८ च्या आधीच्या आवृत्त्यांत प्लॅनरची आकडेवारी पुढे येत नाही.

दुसरा प्रश्न अक्षरांच्या साठवणीचा आहे. ‘ऱ’ हे एका संकेतानेही लिहिता येते आणि ‘र’ला नुक्ता जोडूनही, आवृत्ती १३ पासून असलेले ‘नॉर्मलाइझ’ हे फंक्शन या दोघांना एकरूप करते. ‘ॲ’ मात्र ‘अ’ला चंद्र जोडूनही लिहिला जातो आणि युनिकोड या दोघांना समान मानत नाही, त्यामुळे ‘नॉर्मलाइझ’ येथे काहीच करत नाही. जुन्या कीबोर्डवर ‘आचाऱ्यांना’ लिहिताना अदृश्य जोडचिन्ह वापरले जाई. ते सरसकट पुसून टाकले तर स्वयंपाक्यांचे रूपांतर ‘आचार्यांना’ या गुरुजनांत होईल. म्हणून आधी ‘र’, हलन्त आणि जोडचिन्ह ही तिहेरी मालिका ‘ऱ’ आणि हलन्त यांनी बदलावी, नंतर ‘अ’ आणि चंद्र यांची जोडी ‘ॲ’ने बदलावी आणि शेवटी ‘नॉर्मलाइझ’ लावावे. या तिन्ही कृतींचे एक फंक्शन करून ते मजकूर आत येतानाच ट्रिगरमधून चालवावे. जुन्या डेटावर ते चालवण्यापूर्वी त्याच फंक्शनच्या उत्तरावर ‘ग्रुप बाय’ करून एकाहून जास्त वेळा येणारी नावे काढावीत. ती यादी संबंधित कार्यालयाकडून तपासून घ्यावी आणि त्यानंतरच युनिक इंडेक्स बांधावा.